एका ठशात किती

फेब्रुवारीत, बर्फ पडायचा थांबला की दुसऱ्या दिवशी
मी स्की बांधते आणि सरकारी मोजणीला निघते.
लांडगे एकामागे एक चालतात.
मागचा पुढच्याच्या ठशात पाय टाकतो,
इतका नेमका, की अख्खं कुटुंब गेलं तरी
बर्फाला एकच कुणी गेलेला आठवतो.

म्हणून घाई करायची नाही.
मैलभर, कधी सहा मैल, ती ओळ धरून राहायचं.
मग आडवं पडलेलं झाड येतं, गोठलेला ओढा येतो,
एखाद्याच्या मनात काही वेगळं येतं,
आणि तिथे ओळ उसवते :
दोन डावीकडे, एक खडकावर, दोन ओढ्यातून खाली.
वहीत लिहिते : पाच.
पिवळा बर्फ चमच्याने डबीत भरते.
त्यात रक्ताचा थेंब दिसतो. मादी माजावर आहे.
म्हणजे मे महिन्यात हा आकडा जुना होणार.

आमच्या ग्रेनोसच्या शिकारमंडळात
मी शाळेत होते तेव्हा एकवीस माणसं.
ऑक्टोबरचा दुसरा सोमवार उजाडला की
वर्गातले अर्धे बाक रिकामे,
आणि फोल्केच्या कोठारात तंबाखूच्या डब्यातून चिठ्ठ्या,
कुणी कुठल्या मोक्यावर बसायचं त्याच्या.
त्या साली परवाना बारा एल्गचा होता.
एल्ग म्हणजे मूस, घोड्यापेक्षा उंच, लोंबत्या ओठाचं हरीण,
रस्त्यात आडवं आलं तर गाडीचं छप्पर घेऊन जाणारं.
यंदा दोन. एक मोठं, एक पाडस.
चिठ्ठ्या काढायला सात जण,
त्यातला बिरियर नुसता कॉफीसाठी येतो.

तळघरातला लांबलचक फ्रीझर
बाबांनी तीन वर्षांपूर्वी बंद केला.
आता त्यात बटाटे असतात.

आणि रस्क. राखी कुत्रा, शेपटी वळलेली,
गळ्यात नारिंगी पट्टा, पट्ट्यात जीपीएस.
बाबांच्या हातातल्या पडद्यावर ठिपका पळत होता,
मग एका जागी थांबला.
बाबा म्हणाले, अडवला! एल्ग अडवला त्याने!
आणि कान देऊन उभे राहिले भुंकणं ऐकायला.
कान देऊन उभेच राहिले.

आज खडकापलीकडे पाडस सापडलं.
कावळे माझ्याआधी पोचले होते.
मांडीचं हाड कुऱ्हाडीने फोडून मी आतली मज्जा पाहिली :
लाल, पातळ, जेलीसारखी.
पोटात अन्न नव्हतं याच्या, आधीपासूनच.
हेही लिहायचं असतं, रकाना आहे त्यासाठी.
पण आसपास रोवनची झाडं,
जी एल्गनी कधी गुडघ्याच्या वर येऊ दिली नव्हती,
ती माझ्या खांद्याला लागत होती.
त्याला रकाना नाही.
लाकूड कंपनीचा माणूस मात्र
नव्या पाइनचे शेंडे शाबूत बघून
अलीकडे मला हात करतो, लांबून, गाडीतूनच.

जेवताना बाबा विचारतात, किती?
पाच.
ते बटाटा सोलत राहतात. सालाची एक सलग पट्टी.
उपाशी पाडसाचं मी सांगते.
ते म्हणतात, उपाशी तर आम्हीही असायचो,
आम्हाला कुणी खाल्लं नाही.
मग स्वतःच हसतात, थोडंसं,
आणि मीठ माझ्याकडे सरकवतात.

सकाळी दारात बूट घालून उभे.
येतो म्हणाले नाहीत, आले.
मी पुढे, ते माझ्या मागे, बर्फाचे पसरट जोडे घालून,
माझ्याच चाकोरीत पाय टाकत,
कारण छातीत धाप लागते नव्या बर्फात.
टेकडीवरून मागे पाहिलं :
पांढऱ्यावर एकच रेघ.

ओढ्याच्या वळणावर ते ओळीतून बाहेर पडले.
डावीकडे, स्प्रूसच्या दाटीत,
जिथे ठिपका थांबला होता.
मी मागे गेले नाही.
थर्मास उघडला, दोन कप ओतले,
आणि त्यांच्या कपावर साय धरेपर्यंत
वही मिटून ठेवली.