अवघड जागा

सोहारला ऑगस्टात भिंतींनाही घाम फुटतो.
मीही सहा वर्षं घामालाच दोष देत राहिले,
मग साबणाला, नायलॉनला, पाळी गेल्याला,
मग कुणालाच नाही.
रात्री दोन वाजता बाथरूमच्या फरशीवर उकिडवी.
इथे उन्हाळ्यात गार पाण्याचा नळही कढत येतो,
म्हणून फ्रिजमधली बाटली.

डॉक्टर थुरैयांनी हातात आरसा दिला.
छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा बघितलं:
पांढरं, सुरकुतलेलं, लसणीच्या सालीसारखं,
आणि कडेकडेने
माझ्याच नखांच्या रेघा.
कर्करोग नाही, त्या म्हणाल्या,
आधी इंग्रजीत, मग माझा चेहरा बघून हिंदीत.
पण लक्ष ठेवायचं. कायम.

तुमच्या भाषेत या भागाला काय म्हणतात?
फॉर्मवर लिहायचं होतं त्यांना.
मी गप्प.
शिव्यांमध्ये एक शब्द आहे, तो सगळ्यांना येतो.
पोथीत एक आहे, त्याला हळदकुंकू वाहतात.
माझ्या अंगावर जे आहे
त्याला आई 'तिथे' म्हणायची.
मीही लेकीला 'तिथे'च शिकवलं.

पाकीट बंद होतं. मारिसेल सिस्टरने फोडलं.
अर्ध्या बायकांना मलम:
वाटाण्याएवढं, रोज रात्री, मग हळूहळू कमी.
अर्ध्यांना यंत्र:
कानाला ऐकू न येणारा आवाज
कातडीखाली नेमक्या खोलीवर
नुसती ऊब ठेवून परत येणारा.
मला आवाज आला. सहमच्या झुवैनाला मलम.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर,
ही म्हण मी हसत हसत किती जणींना ऐकवली असेल.
माझा जावई डॉक्टर नाही.
हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करतो.
मंगळवारी जेवताना यशोधन म्हणाला,
त्या नव्या अल्ट्रासाउंडचं कॅलिब्रेशन केलं आज,
अगदी चोख.
मी त्याला आमटी वाढली.
वाटी भरून वाहिली तरी वाढतच होते.

बुधवारी त्याच चोख यंत्राखाली
छताकडे बघत पडले.
जेल गार. मग चटका, मग चटक्याची आठवण.
पुढचे चार दिवस पाय फाकवून चालले.
लेकीला सांगितलं, गुडघा.

झुवैना मलमाची ट्यूब
वेलदोड्याच्या डब्यात ठेवते.
डब्यावरचं 'स्टेरॉइड' वाचून बहिणीने घाबरवलं होतं तिला,
कातडी विरून जाईल म्हणाली.
डॉक्टर म्हणाल्या, मापात लावलं तर काही होत नाही,
न लावल्याने मात्र बिघडतं.
तरी दोन आठवडे तिने लावलं नाही,
आणि ते फक्त मला सांगितलं,
तिच्या हिंदीत, करकच्या कपात बघत.

मी विचारलं, तुझं बरं की माझं?
ती म्हणाली, तुझं लवकर संपतं.
मी म्हटलं, तुझं घरच्या घरी होतं.
ती म्हणाली, घरच्या घरी लपवावंही लागतं.

सहा महिन्यांनी शून्य ते दहाच्या पट्टीवर
मी तीनवर खूण केली, तिने दोनवर.
म्हणजे मलम जिंकलं?
डॉक्टर थुरैया हसल्या.
मलम जुनं आहे, जाणतं आहे, आमचा पहिला भरवसा त्याच्यावर.
यंत्र नवं. अजून सत्तर बायका मोजायच्यात,
आणि तुम्ही दोघीच काही सगळ्या नाहीत.

त्या रात्री फज्रच्या अजानीपर्यंत झोपले.
उठून आधी हात बघितले,
नखं स्वच्छ होती.

संध्याकाळी भांडी विसळताना
अश्लेषाने विचारलं, आई, गुडघा कसा आहे?
मी नळ बंद केला.
गुडघा नव्हता गं.
आणि पुढे शब्द नाही,
म्हणून टोपलीतली लसूण घेतली,
एक पाकळी सोलली,
साल तिच्या बोटावर ठेवली.

ती किती वेळ बघत राहिली.
फुंकली नाही.