एकोणीस शब्द

मनामाच्या तारघरात होतो मी, सदतीस साली,
वेंगुर्ल्याहून आलेला, जाळीमागचा माणूस.
समोरच्या माडीवर शिंपल्यांची जर्मन पेढी.
इथले शिंपले हांबुर्गला जात,
तिथे त्यांची बटणं होत.

पेढीचा कारकून ब्रेनेके.
जाड भिंगांचा चष्मा, बाह्यांवर काळ्या खोळी.
ऑगस्टात टाइपरायटरच्या कळा भाजत,
तर बोटांना ओली चिंधी गुंडाळून टंकायचा.
शूर वगैरे अजिबात नव्हता.
पालीला घाबरायचा.

मग तिकडून हुकूम आला:
यापुढे प्रत्येक पत्राच्या शेवटी ते दोन शब्द.
हा आपला 'आपला नम्र' लिहीत राहिला.
मॅनेजरने विचारलं. म्हणाला,
बटणांच्या पत्रात ते कशाला?
दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, नाही.
एवढंच.

एकदा जाळीशी वाकून मला विचारलं
(इंग्रजी दोघांचंही उसनं),
तुमच्याकडे पत्र कसं संपवतात?
म्हटलं, कळावे, लोभ असावा.
लोभ म्हणजे?
मी अडखळलो. हाव, म्हटलं. आणि माया.
दोन्ही?
दोन्ही.
डोळे पुसेपर्यंत हसला.
माझ्याकडून टीपकागदावर लिहून घेतलं
आणि घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं.

त्याच आठवड्यात मॅनेजर स्वतः आला, फॉर्म घेऊन.
मला जर्मन येत नव्हतं,
पण ओळखीचं नाव कुठल्याही भाषेत वाचता येतं.
एकोणीस शब्द.
पेन्सिलीचं टोक टेकवत मोजले, नियमाप्रमाणे दोनदा.
पावती फाडली.
किल्लीवर बोट ठेवलं.

(रजेवर गेलो तेव्हा बायकोला म्हणालो,
मी नसती पाठवली तर
रात्रपाळीच्या कार्व्हालोने पाठवली असती.
ती बांगडे साफ करत होती.
करत राहिली.)

त्याचा पासपोर्ट नवा होऊन येईना.
पगार थांबला, मग वाण्याची उधारी.
देशबांधव त्याच्या टेबलावरून
आपापल्या खुर्च्या उचलून नेऊ लागले.
बसऱ्याच्या बोटीत चढवायला मी एकटाच.
पडाव हलत होता. खिशातून पुडी काढली,
सहा बटणं, शिंपल्याची.
तुमच्याच समुद्रातली, म्हणाला.
माझा कुठला समुद्र!
तारेबद्दल मी बोललो नाही.
नोकरीला लागताना शपथ घेतली होती,
गुप्ततेची.

वर्षाने हांबुर्गला पत्र टाकलं. परत आलं.
पाकिटावर शिक्का, त्याखाली दोन ओळी,
फार नीट, वळणदार अक्षर,
आमच्यासारख्याच कुणा कारकुनाचं.

ती तार अजून पाठ आहे मला,
अर्थाशिवाय, ठिपक्यांसकट.
आणि हेही आठवतं की शेवटी, सहीच्या वर,
ते दोन शब्द नव्हते.
मॅनेजरने गाळले होते.

शब्दाला सव्वा रुपया पडायचा.