खिचडीतलं मीठ

दोन गोया होत्या माह्या. एक पांढरी, एक पिवयी.
सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरनं एकच देल्ली,
म्हने, दोघींचं काम हेच करते.
मी बरं म्हनलं.

पन डब्यात जुनी पाकिटं उरली होती,
चांगली औषधं, उकिरड्यावर थोडीच फेकतेत?
म्हून तिन्ही घेत गेली, सकायच्या चहासंगं.

चवथ्या दिशी शाळेत
शंभर पोराईच्या गंजापुढून उठली,
अन् चूल, पोरं, निंबाचं झाड
सारं कसं पान्याखाली गेलं.
हातचा सराटा तेवढा सुटला नाही.

वनमाला आशा आली, दंडाले पट्टा आवयला,
आकडा पाहून चूप बसली.
डॉक्टरले फोन लावला.
मंग सुपात पाकिटं मांडून
नखाखाली एकेक अक्षर धरत वाचलं.
"पंचफुलाकाकू, खिचडीत मीठ पडल्यावर
कोनी अजून मूठभर टाकलं, त चालन काय?
पांढरी याच्यातच हाये. पिवयी बी."

मले हसू आलं. मीठच तं कमी कराले सांगतलं होतं मले!

जुनी पाकिटं तिनं थैलीत घेतली.
शेजारची द्वारका म्हने, मले दे, माहं बी डोकं भनभनते.
नाही देल्ली.

आता एकच.
काल इसरली, तं आज दोन नाही.

पहाटे खाटेवरच बसून राहते थोडी,
पाय जमिनीले लागले का पाहते,
मंगच उभी होते.
बाहेर कोंबडा वरडते.
त्याले असन घाई.