इस्त्रीचा काटा रेशमावर

सुतीवर नाही, रेशमावर ठेवायचा काटा,
मध्ये जुना पेपर, आणि मनात दहा आकडे.
तितिक्षानं एवढंच शिकवलं.
पहिल्या दिवशी अकरा पिशव्या जाळल्या मी,
रामबागेच्या गल्लीभर वास,
समोरचे ढोबळेकाका म्हणाले, वहिनी, आज काय तळताय?

गेंदाबाईनं पोती आणली देवगुराडियाहून,
धुऊन, उन्हात वाळवून.
दुधाच्या, औषधांच्या, साडीच्या दुकानांच्या,
एक लाल, कुठल्याशा चपलांच्या सेलची.
शेवेची चमचमती पाकिटं तिनंच बाजूला काढली:
"ये नहीं चिपकेंगी बाई, इनका कोई सगा नहीं।"

पंचवीस वर्षं फॉल-पिको करते मी.
धाग्याशिवाय काही जोडलं जातं
यावर हाताचा विश्वास बसेना.
ओढून बघायची प्रत्येक सांधा,
आणि पोरगी ओरडायची, काकू, नका!

मग रविवारी, शाळेच्या मैदानात,
जुन्या कूलरचा पंखा लावला तिनं.
नुसता ढीग होता, बसलेल्या म्हशीसारखा.
एका कोपऱ्यात पोट हललं.
मग पाठ.
मग अख्खं घर उठलं, आळस देत,
आणि चौदा माणसं वाकून आत गेलो.

आत उजेड सरबताचा.
भिंतीवरची नावं सगळी उलटी,
जणू दुकानं आपल्याकडे पाठ करून उभी.
गेंदाबाई बोट दाखवत फिरत होती:
ही नाल्यातली. ही कुत्र्याच्या तोंडातून काढली.
ही, पाऊस होता बघ, त्या दिवशीची.
लग्नाच्या फोटोतली माणसं सांगावीत तशी.

कुठंतरी सुस्कारा ऐकू आला.
डोळ्यांना भोक दिसेना,
म्हणून गाल लावून लावून शोधलं,
आणि सापडल्यावर, चिकटपट्टी येईस्तोवर,
कपाळाची टिकली काढून लावली.
राहिली. चिकटपट्टीची गरजच पडली नाही.

पाऊण तासानं लाइट गेली.
पडलं नाही हो घर, बसलं.
हळूहळू डोक्यावर, खांद्यावर,
पोरं किंचाळत, हसत रांगत बाहेर,
सगळ्यांचे केस उभे.

घडी घातली तर एका पोत्यात मावलं.
तितिक्षा स्कूटरवर पुढ्यात घेऊन गेली,
माझी टिकली त्यातच.

दुधाची पिशवी कापताना आता
कोपरा पुरता तोडत नाही मी.
लटकू देते.