दोन बोटं जास्त

आईनं ओर्फिलियाच्या लग्नझग्याच्या बाह्या
दोन बोटं लांब कापल्या,
तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती.
आम्ही हसलो. तीही हसली.
यारुमालच्या चढावरच्या त्या दुकानात
तिची कात्री चुकलेली कुणी पाहिली नव्हती.

मग सुईत दोरा ओवायचा राहून जाई
आणि ती मशीन चालवत बसे.
रिकामी सुई भोकं पाडत पुढं,
टाके नसलेली सरळ शिवण.
आजोबांचं असंच झालेलं. त्यांच्या दोन बहिणींचंही.
गावात याला बोबेरा म्हणतात, खुळावणं.
कुणी म्हणे पाद्र्याचा शाप,
कुणी म्हणे, भलत्या झाडाला हात लागला असेल.

मेदेयिनच्या प्रयोगशाळेत आज
नोरालबा नावाची पोर मला काच दाखवते.
आईच्या मेंदूचा काप, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
कडेला आकडा. नाव नाही.
भिंगाखाली तपकिरी डाग,
कॉफी सांडून कुणी पुसायचं विसरलंय जणू.

ती सांगते, हळू, मला कळेल असं:
पेशीच्या भिंतीत एक कात्री असते, सगळ्यांच्याच.
एक लांब प्रथिन कापत राहते रात्रंदिवस.
बहुतेक तुकडे चाळीस मण्यांचे, ते वाहून जातात.
तुमच्या घराण्यात, चौदाव्या गुणसूत्रावर,
फार मागं कधीतरी एक अक्षर बदललं.
तेवढ्यानं कात्री चळते.
बेचाळीस मणी.

दोन जास्त, मी म्हणते.
दोन जास्त.

आणि हे लांबके तुकडे चिकट.
एकमेकांना धरून गोळा होतात,
पेशींच्या मधल्या जागेत बसतात, उठत नाहीत.
मग आतलं टाऊ जागचं सुटतं,
स्वतःभोवतीच पिळा घेतं.
बॉबिनचा दोरा गुंततो तसं?
तिनं शिलाई मशीन कधी चालवलेलं नाही,
तरी हो म्हणते.
सफाईच्या पेशी येतात, डाग उचलतात थोडे,
पुढं पुढं चांगलेच टाके उसवायला लागतात.

शेवटच्या वर्षी ती मला ताई म्हणायची.
एकदा माझी बाही चिमटीत धरून
बराच वेळ चोळत राहिली, आणि म्हणाली, सुती.
सुतीच होती.
तो धागा कुठल्या कोपऱ्यात शाबूत होता,
काचेवर दिसतो का, विचारलं नाही मी.

माझंही रक्त इथंच आहे, आकडा लावून.
निकाल सांगत नाहीत. मीही मागितलेला नाही.
मी एकेचाळीसची.

बस डोंगर चढते, कानात दडे बसतात.
ओर्फिलियानं तोच झगा घातला होता,
बाह्या आत दुमडून. फोटोत कळतही नाही.
घरी पोराच्या शाळेचा सदरा अर्धा पडलाय.
फीत तीनदा धरीन.
मग कापीन.