शून्य पॉइंट दोन

पेठेत सहाला पाणी येतं.
त्याआधी मी आलेलो असतो.
स्कूटरच्या डिकीत लाकडी खोका,
खोक्यात काचेची नळी, ओटीची तपकिरी बाटली
आणि पुसायला फडकं, कुमुदिनीच्या जुन्या साडीचं.
ते रोज संध्याकाळी तीच धुते,
पिवळे डाग जात नाहीत म्हणून चोळून चोळून.

वाहत्या नळाखाली नळी धरायची,
रेघेपर्यंत भरायची,
थेंब टाकायचे
आणि वाट पाहायची.
लिंबाच्या सालीसारखा फिकट रंग चढला
की वहीत लिहायचं: ०.२. ठीक.
एकोणतीस वर्षं मी ठीक लिहितोय.

आगाशे काकू गॅलरीतून ओरडतात,
'अहो भिलारे, चहाला तलावाचा वास येतोय,
पोहण्याच्या!'
पर्वतीची टाकी त्यांना जवळ,
औषध ताजं पोचतं.
वरच्या मजल्यावरच्या पोराचे मासे मेले,
चार गप्पी आणि एक सोनेरी.
मी म्हटलं, बादली रात्रभर उघडी ठेव, मग ओत.
तो म्हणाला, मग आपण का नाही ठेवत?
पोराला काय सांगणार.
मी पुढच्या नळाकडे गेलो.

त्याच पाण्याच्या शेपटाला, दांडेकर पुलाखालच्या वस्तीत,
नळ गटाराला खेटून आहे.
तिथे थेंब टाकले, पाणी नितळच राहिलं.
आणखी टाकले. नितळ.
आयुष्यात इतकं स्वच्छ दिसणारं पाणी
मला कधी इतकं घाण वाटलं नव्हतं.
त्या आठवड्यात नूरबीचा नातू
ससूनमध्ये सलाइनवर होता.
तिने वासाची तक्रार कधीच केली नव्हती.

मग श्रावणात कुमुदिनीला लघवीतून रक्त गेलं.
डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू, मिश्री?
नाही.
रंगाच्या कारखान्यात काम?
नाही हो, घरीच असते.
मी विचारलं, पाणी?
धरणातला पालापाचोळा कुजतो, त्याला क्लोरीन भेटतं,
त्यातून काहीबाही तयार होतं,
आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं, जेवणाच्या सुट्टीआधी.
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
'लाखांत काही जणांना, तेही वर्षानुवर्षं पिऊन. कदाचित.
पण क्लोरीन नसतं तर त्याच लाखांतले किती
पाचव्या वर्षापर्यंतही पोचले नसते, ते कोण मोजतंय?
यांना कशाने झालं, मी सांगू शकत नाही.
कुणीच नाही.'

रिक्षात ती हसली.
'म्हणजे तुमच्या खात्याने
पाणी पाजलं म्हणायचं मला.'

रात्री झोप नव्हती. खोका उघडला,
तपकिरी बाटली दिव्याखाली धरली,
आणि चष्मा लावून
लेबलावरची मुंगीएवढी अक्षरं पहिल्यांदा वाचली.
कातडीला लागू देऊ नये.
हातमोजे वापरावेत.
त्याखाली एक ओळ होती, संशयाची,
ती मी दोनदा वाचली.
आतल्या खोलीत ती कुशीवर वळली.
दोरीवर फडकं वाळत होतं.

पाण्याने? बाटलीने? की कशानेच नाही,
उगाच, जसं कुणालाही होतं तसं?
असं मोजायला नळी नाही.

मी माठ भरून रात्रभर उघडा ठेवू लागलो.
तिने पेला तोंडाशी नेला, खाली ठेवला.
'हे मेलेलं लागतंय. नळाचं द्या, वासाचं.
वास आला की कळतं,
तिकडे टाकीवर कुणीतरी जागं होतं.'

आज पहाटे मी आमच्याच नळाखाली नळी धरली.
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.
लिंबाची साल.
वही काढली नाही.
तिचा पेला भरला,
नळी विसळली, हवेत झटकली.
पुसली नाही.