खालची ओळ

पहाटे सव्वातीन. सयाजी हॉस्पिटल, पुरुष विभाग,
खाट एकोणीस.
फतेसंग चुनारा, वय अडतीस, दिसायला साठ.
राहणार खंभात. धंदा: मजुरी.
मी नमुना चार पुढ्यात ओढला
आणि 'अ'समोर लिहिलं
हृदय व श्वसनक्रिया बंद.
'ब' कोरी. 'क' कोरी.
खाली गाडीवाला खंभातचं भाडं
दर पाच मिनिटांनी वाढवत होता.
सही. शिक्का जरा तिरका.

आंबेगावकर सर हे शिकवायचे तेव्हा
मागच्या बाकावर आमचा डबा उघडलेला असायचा.
"हृदय बंद पडलं, हे कारण नव्हे रे,
ही तर मेल्याची खूण.
दिवा गेला म्हणून अंधार झाला, हे कुणीही सांगेल.
लहान पोरासारखं विचारत जा: का?
बरं, मग ते का?
उत्तरं संपतील तिथे तुमची सगळ्यात खालची ओळ.
मोजतात ती तीच."
परीक्षेत पाच मार्कांना होतं.
मी पर्यायात सोडलं.

गजराबेन आली आठ महिन्यांनी,
वासी उत्तरायणच्या दुपारी,
ओपीडी रिकामी, कडुनिंबात पतंग अडकलेले.
दुधाच्या पिशवीत घडी घालून माझाच कागद,
भरपाईच्या ऑफिसातून परत आलेला.
"बेन, तिथला साहेब म्हणतो,
हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं."
सरांना ती कधी भेटलेली नव्हती.

मग तिने एक्स-रे काढला.
वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक.
पोरांनी त्यातून ग्रहण बघितलं, म्हणाली, दोनदा.
मी तो खिडकीला धरला.
दोन्ही फुप्फुसांवर पीठ चाळल्यासारखं पांढरं,
वरच्या अंगाला त्याचे गोळे झालेले,
मुळाशी अंड्याच्या टरफलासारख्या गाठी.
फासळ्यांमागून एक कटलेला पतंग
सावकाश खाली गेला.

"काय काम करायचे?"
(हे तेव्हा विचारायला किती वेळ लागला असता?)
"अकीक घासायचे. घरातच. चुलीशेजारी चाक."
कॉलेजच्या प्रयोगशाळेत अकीकचा एक खल होता,
इतका गुळगुळीत
की काम संपल्यावरही त्यात बोट फिरवत बसायचे मी.

रेकॉर्डरूमच्या ठाकोरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"खाडाखोड नाही चालणार, बेन.
नोंदवहीत माणूस एकदाच मरतो.
फार तर नवं पत्र लिहा, चुकले म्हणून."
चुकले, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला,
दुसऱ्यांदा जरा हळू.

लिहायला बसले.
अ: श्वसन निकामी.
ब: फुप्फुसं आवळून घट्ट झालेली.
क: सिलिकोसिस. दगडाची धूळ.
उजवीकडे अरुंद रकाना,
आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचं अंतर.
"खोकला कधी लागला त्यांना?"
गजराबेनने साल नाही सांगितलं.
"विपुल पोटात होता. रात्री ते खोकायचे
आणि हा आतून दचकायचा."
"विपुल केवढा आता?"
"सोळा संपले. चाक आता तोच चालवतो."

सोळा वर्षं, मी लिहिलं.
मग आठ महिने वजा करायचे, हे आठवलं,
खोडलं, पुन्हा लिहिलं,
पुन्हा नवा कागद घेतला.

पत्राने काय होईल, माहीत नाही.
अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावरून.
पत्राला जोडायला हवा म्हटलं तरी
एक्स-रे तिने परत मागून घेतला.
पोरं विचारतात, म्हणाली.

पायऱ्यांवर विपुल उभा होता,
कुणाची तरी तुटलेली दोरी बोटांवर गुंडाळत.
भुवयांवर पांढरं, कानांच्या पाळीवर पांढरं,
नखांच्या कडांना पांढरं.
मांजाची काच असेल,
असं मी जवळजवळ लिहूनच टाकलं होतं.